प्रतिसाद : कन्सर्टो पाठ, तरी पहिल्या फेरीत बाहेर?
वरचा प्रश्न असा, की मुलगी व्हायोलिनवर कन्सर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) सफाईने वाजवते, तरी परदेशी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला पहिल्याच फेरीत का गळते? कारण (वादक कोण ते दिसू नये म्हणून) पडद्यामागे बसलेल्या परीक्षकांना सोलोइस्ट, म्हणजे एकट्याने चमकणारा वादक, नको असतो. त्यांना सोळाजणांत मिसळून जाणारा हात हवा असतो.

पहिल्या फेरीत बहुधा मोझार्टच्या चौथ्या किंवा पाचव्या कन्सर्टोचा सुरुवातीचा भाग आणि ऑर्केस्ट्रातले उतारे असतात. मोझार्टमध्ये लपायला जागाच नाही. जरा सूर हलला की उघडं पडतं. उताऱ्यांपैकी श्ट्राउसच्या 'डॉन हुआन' या ऑर्केस्ट्रा-रचनेचं पहिलं पान बहुतेकजण उत्साहात फार जलद सुरू करतात आणि मग अवघड जागी लय ओढतात. सुरू करण्याआधी तीच अवघड जागा मनात म्हणा, लय तिथून घ्या.

मेंडेल्सोनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं स्केर्त्झो (चपळ, खेळकर भाग) ही खरी चाळणी. तिथे स्पिकाटो (गज तारेवर उडवत वाजवणं) हलका आणि हळू आवाजात लागतो. गज उंच उडवला की आवाज वाढतो, तार कोरडी खरखरते आणि लय पुढे पळते. गज तोलबिंदूच्या (जिथे तो बोटावर तोलला जातो त्या जागेच्या) जरा पुढे, तारेलगत ठेवा, उडी नखाएवढीच. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) आधी प्रत्येक मात्रेला, मग दोन मात्रांत एकदा, मग चार मात्रांत एकदा लावून पाहा. चार मात्रांनी ठोका चुकला, तर लय अजून हातात नाही.

आणखी एक, वाद्य ज्या 'ए' स्वराला जुळवतात तो युरोपात सर्रास 442-443 हर्ट्झ असतो. घरी 440लाच सराव असेल तर महिनाभर आधी बदला.