'हेवन्स गेट': शिव्या घाला, पण आधी बघा

जुनी टॉकीज
काल "पैशाची माती केलेले पाच सिनेमे" म्हणून जी यादी इथे आली, तिच्यात 'हेवन्स गेट' हा अमेरिकन सिनेमा पहिला. आपण तो पाहिलेला नाही, हे लेखकच खाली कबूल करतो! पुरावा काय, तर खर्च १ कोटी १६ लाख डॉलरवरून ४ कोटी ४० लाखांवर गेला आणि गल्ला जमला जेमतेम ३५ लाख. अहो, मग ताळेबंद लिहा, सिनेमावर कशाला लिहिताय?

नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला लागला, समीक्षकांनी सोलून काढला, आठवड्यात उतरवला. एप्रिल ८१ मध्ये ७० मिनिटं छाटून परत लावला, म्हणजे उरलासुरला जीवही घेतला. दिग्दर्शक मायकेल चिमिनोने स्वतः लक्ष घालून नीट केलेली २१६ मिनिटांची प्रत २०१२ साली व्हेनिसला दाखवली, ती बघा. वायोमिंगचे बडे गुरंमालक पोटासाठी आलेल्या स्थलांतरितांची नावं मारायच्या यादीत घालतात आणि मारायला भाडोत्री बंदुकवाले आणतात. विल्मोश झिगमंडच्या कॅमेऱ्यातली ती धूळ, खिडकीतून येणारं ते ऊन. मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं तर नशीब समजा.

फुकट पासवाला
धूळ बघायला साडेतीन तास? आमच्या गल्लीत फुकट आहे. संवाद तर अर्धे ऐकूच येत नाहीत.
आणि इतिहास? खरा नेट चॅम्पियन गुरंमालकांच्या विरोधात लढून १८९२ मध्ये मेला. इथे त्याचं काम करणारा ख्रिस्तोफर वॉकेन त्यांचाच भाडोत्री! सिनेमातली नायिका एला, ती खरी एला वॉटसन तर १८८९ मध्येच गुरंमालकांनी लटकवून मारली होती, इथे त्यानंतरच्या काळात प्रेमाचा त्रिकोण करते. आपल्याकडे असं केलं असतं तर थिएटरच्या काचा राहिल्या नसत्या.

जुनी टॉकीज
चॅम्पियनचं मान्य. सिनेमा म्हणजे गॅझेटियर नव्हे, एवढंच म्हणतो. आणि या सिनेमाने "स्टुडिओ बुडवला" म्हणतात, तेही अर्धवट. तो स्टुडिओ म्हणजे युनायटेड आर्टिस्ट्स, त्याची मालक ट्रान्सअमेरिका होती, विमावाली कंपनी. हात पोळल्यावर तिने ८१ मध्ये तो एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओला विकून टाकला. विकणं म्हणजे बुडणं नव्हे.

माऊची आई
तुमचं ऊन-धूळ चालू द्या. त्या सेटवर स्फोटात घोडा मेला, कोंबड्यांच्या झुंजी खऱ्या लावल्या, त्याचं काय? अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या तिथल्या प्राणीमित्र संस्थेने निदर्शनं केली. सेटवर जनावरांवर देखरेख हवीच, हे तिकडच्यांनी त्यानंतर मान्य केलं. मी तो सिनेमा बघणार नाही. कलाकृती गेली खड्ड्यात.

घाटातला गडी
आता बैलगाड्यावर याल बघा.

माऊची आई
येणारच! चाबूक, शेपटी पिरगाळणं, खिळे टोचणं. एका जत्रेत पाय मोडलेला बैल मी डोळ्यांनी पाहिलाय. माणसं मोबाइल काढून उभी होती.

घाटातला गडी
ताई, एक जत्रा बघून शहाणपण नका शिकवू. खिळे टोचणाऱ्याला आम्हीच शर्यतीच्या घाटाबाहेर काढतो. २०१४ ला कोर्टानं बंदी घातली तेव्हा चुलत्यानं खिल्लारांची जोडी विकली. ज्या बैलाला आधी घास दिल्याशिवाय माणूस जेवायचा नाही, तो बैल टेम्पोत चढवला. टेम्पो कुठं गेला, ते आम्ही इचारलं नाही. तुमच्या भूतदयेनं वाचला का तो? २०२३ ला घटनापीठानं शर्यतीला हो म्हटलं, पण जोडी थोडीच परत येते?

माऊची आई
विकला कुणी? तुम्ही! शर्यत नाही तर बैल नको, याला माया म्हणायची?

घाटातला गडी
एक वर्ष बिनकामाची जोडी पाळून दाखवा. पेंडीचा भाव माहितेय का? मांजर पाळणं सोपं असतंय.

जुनी टॉकीज
धागा वायोमिंगचा होता हो!

फुकट पासवाला
राहू द्या, सिनेमापेक्षा हे बरं चाललंय. निदान ऐकू तरी येतंय.

तिसरी घंटा
मी कालच पाहिला, दोन रात्रींत मिळून. सुरुवातीचा हार्वर्डचा नाच अर्धा केला असता तरी काही बिघडलं नसतं. पण स्केटिंगच्या हॉलमध्ये तो पोरगा चाकांवर फिरत फिडल वाजवतो आणि सगळं गाव मागून फिरायला लागतं, तिथे मी उठून बसले. हीच माणसं पुढे यादीतून मारली जाणार, हे कळत असतं ना. घोड्याचं आधी माहीत असतं तर कदाचित लावलाच नसता.

फुकट पासवाला
बरं बाबा, स्केटिंग चांगलं. ४ कोटी ४० लाखांत एक नाच. महाग पडला.

घाटातला गडी
शेवटच्या लढाईत तो घोडा कितव्या मिनिटाला येतो? तेवढं सांगा. बाकीचा बघतो.