मदत हवी आहे : जुन्या गेमबॉयच्या कॅसेटचा खरा भाव कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला. माळा आवरताना गेमबॉय कलर (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) आणि त्यातल्या पोकेमॉन गोल्ड या गेमची कॅसेट सापडली. मामांनी मस्कतहून आणलेली. खोका आहे, पण एका कोपऱ्याला उंदरानं प्रसाद घेतलाय.

नेटवर एकच कॅसेट कुणी दोन हजाराला लावलीय, कुणी वीस हजाराला. गुळाचा भाव कसा, मार्केट यार्डात सौदा निघाला की कळतो. इथं नुसतं मागणाऱ्यांचं तोंड दिसतंय. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या किमती कुठं बघायच्या?

दुसरं, २०२१ च्या जुलैत सुपर मारिओ ६४ ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. एक कोटीहून जास्त खपलेला गेम, म्हणजे दुर्मिळ होतं ते सील आणि ग्रेड (प्रत किती चांगली राहिलीय, त्याचा ठरवलेला दर्जा)! लॉकडाऊनमध्ये चढलेले भाव नंतर उतरले म्हणतात. आता विकू की थांबू?

आणि मुख्य अडचण: कॅसेटच्या आतला सेल संपलाय, गेम सेव्ह होत नाही. साधा बटणासारखा सेलच आहे, पण तो डाग देऊन बसवलेला असतो. बदलला तर किंमत पडते का? मोबाईल दुरुस्तीवाला म्हणतोय, "आणा की, पाच मिनिटांचं काम." मला धीर होईना.