पन्नाशीची फुल मॅरेथॉन, डायलिसिस पेशंट आणि गावचं वाचनालय: पैसे कसे मागायचे?

खानापूर_रोड (प्रश्न)
नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत मुंबईची फुल पळायची म्हणतोय, 42.195 किमी. त्याच महिन्यात वयाची पन्नास पूर्ण होतात, तर घरात ठरलंय की जेवणावळ काही नको, त्याऐवजी दोन ठिकाणी मदत गोळा करायची. एक, डायलिसिसच्या पेशंटना मदत करणारा बेळगावातला एक ट्रस्ट, कारण आमचे बाबा शेवटची वर्षं डायलिसिसवरच होते. दुसरं आमच्या गावचं मराठी वाचनालय. बाबा रोज संध्याकाळी तिथं पेपर वाचायला जायचे आणि चालणं बंद झालं तेव्हा तिथले काका पुस्तकं पिशवीत घालून घरी आणून द्यायचे, आता त्या वाचनालयाचं छप्पर गळायलंय. दोन्हींसाठी एकदम मागावं की एकच धरावं? आणि खरं सांगायचं तर पैसे मागायला जीभ रेटत नाही. पळणार तू, पैसे आम्ही का द्यायचे असं कुणी विचारलं तर काय सांगू?

निपाणीचा_अण्णा
दोन्ही करा की दादा. फक्त दोन्हींची खाती वेगळी कळवा, ज्याला जिथं द्यायचं तिथं तो देईल. स्वतःच्या फोनपेवर एक रुपायासुद्धा घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे. एंट्री फी, गाडीभाडं, राहणं सगळं माझ्या खिशातनं आहे हे पहिल्याच मेसेजात लिहा, अर्ध्या शंका तिथंच मिटतात. मुंबई मॅरेथॉनची स्वतःची देणग्यांची व्यवस्था युनायटेड वे मुंबई या संस्थेकडनं चालते पण ती तिथं नोंद झालेल्या संस्थांसाठीच, तुमचा ट्रस्ट त्यात नसेल तर सरळ थेटच मागा. 80जी, म्हणजे देणगीवर टॅक्सची सवलत देणारी नोंदणी, आहे काय ते दोन्हीकडं आधी विचारून घ्या. ती सवलत जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते आणि 2000 च्या वर रोख दिलं तर मिळत नाही, हे लोकांना आधीच सांगितलेलं बरं. आणखी एक, आपल्याकडं प्रत्येक घरातलं कोण ना कोण बाहेर असतंय. भारतीय पासपोर्टवाला दुबईतला भाऊ स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत देऊ शकतो, पण अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावाचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी) नोंदणी नसलेल्या संस्थेला घेता येत नाहीत. गावच्या वाचनालयाला तर ती नसणारच, तेव्हा बाहेरच्यांना लिंक पाठवायच्या आधी बघा.

कॅम्पातली_ताई
दादा, मनापासून शुभेच्छा! 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकात मॅरेथॉन पळून 19 वे आलेले फडेप्पा चौगुले आपल्या बेळगावचेच, आणि ती शर्यत 42.75 किमीची होती, म्हणजे आजच्या फुलपेक्षाही जास्त. शाळांमधनं मदत मागायला जाल तेव्हा मुलांना हे नक्की सांगा, आपल्या मुलांना माहीतच नसतं.
पळण्याबद्दल एकच सांगते, आपली हवा थंड आणि मुंबईत जानेवारीतही घाम वाळत नाही, त्यामुळं इथल्या टायमिंगवर तिथला हिशोब करू नका. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, पाय आधीच जड झालेले असतात. येळ्ळूरला राजहंसगडाचा रस्ता आहेच की आपल्याकडं, लाँग रनच्या शेवटी तो चढ घ्या, सुरुवातीला नको.

जांबोटीकर
जीभ रेटत नाही म्हणालात म्हणून लिहितोय. माझ्या आईचं डायलिसिस चालू हाय. सरकारी जिल्हा हॉस्पिटलात बीपीएलवाल्यांना 2016 पासनं राष्ट्रीय योजनेत डायलिसिस फुकट हाय, त्यामुळं लोकांना वाटतंय आता खर्च कसला. खर्च वाटेचा असतो ओ. खानापुरातनं बेळगावला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे तुमच्या मॅरेथॉनपेक्षा जास्त, ते आठवड्यातनं दोन-तीनदा, मधे चार तास मशीनवर, आणि परत येताना पेशंटला एसटीत उभं राहायचीसुद्धा ताकद नसते. सोबत जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. कुणी विचारलं पैसे का द्यायचे तर हेच सांगा, एवढी वाट ही माणसं जन्मभर तुडवतात. ट्रस्टला विचारा, गाडीभाड्यासाठीच वेगळी मदत देता येईल काय. आणि पेशंटचे फोटो कृपा करून टाकू नका, तुमच्या बाबांचा टाका.

खानापूर_रोड
जांबोटीकर, बाबांना मोटारसायकलवर मधे धरून आणलेले दिवस आठवले. आईंना नमस्कार सांगा. आज ट्रस्टमध्ये फोन केला, गाडीभाड्यासाठी पैसे वेगळे ठेवता येतील म्हणालेत. अण्णा, वाचनालयाला 80जी नाही, तसं स्पष्ट लिहितो, छपराचं एस्टिमेट सुताराकडनं मागवलंय, ते मेसेजसोबतच लावतो. ताई, रविवारी पहाटे राजहंसगड करायचा आहे, कोण येणार असेल तर इथंच कळवा.