दिवाळीसाठी निसर्गचित्रांच्या ऑर्डर कधी थांबवाव्यात?

प्रश्न (बीड)

नमस्कार. बालाघाटच्या रांगा, कपिलधारचा धबधबा, नळदुर्गचे नर-मादी धबधबे आणि नाथसागरावर उतरणारे पक्षी अशी मी काढलेली छायाचित्रे गेली तीन वर्षे मी दिवाळीला फ्रेम करून विकते. गेल्या वर्षी नऊ फ्रेम भाऊबीज उलटून गेल्यावर पोहोचल्या, आणि ज्यांनी त्या भेट देण्यासाठी घेतल्या होत्या त्यांना रिकाम्या हाताने जावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. शिवाय देवगिरीच्या खंदकाचे चित्र स्क्रीनवर सुरेख दिसत असूनही कागदावर इतके काळवंडले की कातळावरच्या छिन्नीच्या खुणाच नाहीशा झाल्या. ऑर्डर कधी बंद कराव्यात आणि हा काळेपणा कसा टाळावा, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)

ताई, दोष बहुधा प्रिंटरचा नसून स्क्रीनच्या उजेडाचा आहे. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद मात्र खोलीतला प्रकाश परत करतो. त्यामुळे पूर्ण उजेडावर ठेवलेल्या स्क्रीनवर आपण चित्र नकळत गडद करून ठेवतो. आपला बेसाल्ट मुळातच काळा, त्यात मॅट कागदावर गडद छटा एकमेकींत मिसळतात, म्हणून वेरूळ आणि देवगिरीच्या चित्रांत हे सर्वांत आधी जाणवते. स्क्रीनचा उजेड निम्म्याच्या आसपास आणा आणि चित्रातला सर्वांत अंधारा भाग निवडून त्याच कागदावर चार इंचांच्या तीन पट्ट्या काढा: एक आहे तशी, दुसरी थोडी उजळ, तिसरी आणखी उजळ. त्या दिवसा खिडकीपाशी आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहा, कारण ग्राहकाच्या बैठकीत चित्र बहुतेक वेळा रात्रीच पाहिले जाते. माझ्या अनुभवात दुसरी किंवा तिसरीच पट्टी बरोबर निघते.

उत्तर २ (लातूर, फ्रेमचा व्यवसाय)

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम वीस दिवस मिळतात आणि त्याच दिवसांत आमच्याकडे देवांच्या तसबिरींची काच व पट्टी बदलण्याची गर्दी असते. म्हणून फ्रेमसह ऑर्डर दसऱ्याला बंद करा. नुसत्या प्रिंटच्या ऑर्डर वसुबारसेच्या आठ दिवस आधीपर्यंत घेता येतील. सोयाबीन विकून हातात पैसा आल्याशिवाय आपल्याकडे अनेकांचे ठरत नाही, हे खरे आहे. अशांकडून बयाणा घेऊन तुळशीच्या लग्नापर्यंत देण्याचा स्पष्ट शब्द द्यावा, दिवाळीचा देऊ नये. फ्रेमवाल्याकडे पट्टीचे दोनच रंग आधी सांगून ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी माल संपल्याचे ऐकावे लागत नाही.

आणखी एक कळकळीचे सांगणे. इंकजेट प्रिंट घाईने काचेमागे बसवू नका, निदान २४ तास उघडी सुकू द्या. शाईतला ओलावा आत कोंडला की काचेला आतून धुके धरते, आणि मग फ्रेम उघडून पुन्हा बसवण्यात दुप्पट वेळ जातो.

उत्तर ३ (नांदेड)

आकारही मोजकेच ठेवावेत. कॅमेऱ्याचे चित्र ३:२ प्रमाणाचे असल्याने १२ × १८, १६ × २४ आणि २० × ३० हे आकार काही न कापता बसतात, पण कोणी १६ × २० मागितले की लांबीतले चार इंच जातात. सहस्रकुंडच्या माझ्या चित्रात कडेच्या दोन्ही धारा अशाच गेल्या. २४ मेगापिक्सेलची फाइल २० × ३० आकारात २०० डीपीआय (दर इंचाला २०० ठिपके) देते आणि भिंतीवर तेवढे पुरते.

प्रश्नकर्ती (बीड)

सर्वांचे मनापासून आभार. आज रात्रीच देवगिरीच्या तीन पट्ट्या छापायला पाठवते. दसऱ्याची तारीख आणि तीन आकार दरपत्रकात सर्वांत वर लिहिले आहेत, आणि गेल्या वर्षीच्या त्या नऊ जणांना नव्या ऑर्डर घेण्याआधी मी स्वतः फोन करणार आहे.