एकाच बाटलीत यीस्ट उगवलं तर?

प्रश्न असा की, डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहायची तपासणी) चारपैकी एकाच बाटलीत यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, उगवलं तर ते बाहेरून आलेलं दूषण समजून सोडायचं का. अजिबात नाही. रक्तात कँडिडा (असं आजार करणारं नेहमीचं यीस्ट) एकदा सापडला तरी तो खराच धरायचा. उलट कल्चरमध्ये तो जवळपास निम्म्या वेळा हुकतो. म्हणून रक्त हात आखडून घेऊ नये. मोठ्या माणसात वेगवेगळ्या जागांहून मिळून ४० ते ६० मिली हवं.

कँडिडाची प्रजाती कळेपर्यंत कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध: पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, मग रोज ५०. डायलिसिससाठी डोस बदलावा लागत नाही. फ्लुकोनॅझोल हे दुसरं बुरशीविरोधी औषध मात्र डायलिसिसमध्ये निघून जातं, ते डायलिसिस झाल्यावर द्यायचं.

खरा घोळ कॅथेटरपाशी (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) होतो. शिरा संपत आल्यात म्हणून तो तसाच ठेवतात. आतल्या बायोफिल्मपर्यंत (नळीला चिकटलेला जंतूंचा थर) औषध धड पोचत नाही, ताप उतरतो आणि थोड्या दिवसांनी परत येतो. शक्य तितक्या लवकर काढाच. उपचाराचे १४ दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून, औषध सुरू केल्यापासून नव्हे (ही चूक फारच सर्रास). त्यासाठी दररोज किंवा दिवसाआड कल्चर लागतं. आठवडाभरात बाहुली मोठी करून डोळे तपासा. कॅस्पोफंजिन डोळ्यात नीट शिरत नाही.

आणि जुन्या व्हायटेकवर (जंतू ओळखणारं यंत्र) ‘हिम्युलोनी’ ही कँडिडाची प्रजाती आली तर आधी ऑरिसचा (कँडिडा ऑरिस, तिच्यासारखीच दुसरी प्रजाती) संशय घ्या, मॅल्डी-टॉफवर (जंतूंच्या प्रथिनांवरून ओळख पटवणारं यंत्र) खात्री करा. खाट, मशीन क्लोरीनने पुसा. क्वाटर्नरी अमोनियमवाली जंतुनाशक द्रावणं ऑरिसवर भरवशाची नाहीत.