ओतकामातील दोष आणि अणुभट्टीच्या पोलादाची ताकद

प्रश्न: फ्रान्समधील फ्लामानव्हिल-३ अणुभट्टीच्या दाबपात्राच्या (अणुइंधन ठेवण्याच्या जाड पोलादी भांड्याच्या) झाकणात कार्बन जास्त आढळला. कार्बनमुळे पोलाद कठीण होत असेल, तर चिंता कशाची?

उत्तर १: कठीणपणा वाढतो, पण चिवटपणा (न तुटता आघात सोसण्याची क्षमता) घटतो, आणि येथे चिवटपणाच महत्त्वाचा असतो. झाकण ज्यातून घडवतात तो प्रचंड इन्गॉट (ओतलेल्या पोलादाचा ठोकळा) थिजताना कार्बन शेवटी गोठणाऱ्या वरच्या भागात साचतो, तेथे ०.२२ ऐवजी सुमारे ०.३० टक्के कार्बन सापडला आणि आघात-चाचणीत किमान ६० ज्यूल अपेक्षित असताना सरासरी ५२ ज्यूलच भरले.

प्रश्न २: सर, म्हणूनच इन्गॉटचा माथा पुरेसा कापून टाकतात ना?

उत्तर २: होय, पण येथे तो पुरेसा कापला गेला नाही. २०१७ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकांनी पात्र स्वीकारले, झाकण मात्र २०२४ अखेरपर्यंत बदलण्यास सांगितले. मला हा निर्णय योग्य वाटतो.