मदत हवी आहे : भावाची दारू परत सुरू झाली, पुन्हा त्याच केंद्रात न्यावं का?

धाकटा भाऊ पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. चांगला सुटला होता. मग कारखान्यात रात्रपाळी लागली, एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा बंद पडल्या, फॉलोअपही राहिला. दिवाळीपासून पितोय. आता सकाळी घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही.

परत जायला तो नाही म्हणत नाही, पण त्याच केंद्रात नको म्हणतो. "तिथं माझा सोबर बर्थडे (दारू सोडल्याचा वाढदिवस) झाला, माइकवर बोललो, आता कुठल्या तोंडानं जाऊ?" मामांच्या ओळखीचे एकजण गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात म्हणे. मला ते अजिबात पटत नाही. वहिनीला कुणीतरी आमटीतून द्यायची पावडर सांगितली आहे. आणि भरती होईपर्यंत घरीच बाटली बंद करायची का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

उत्तर :
ताई, पावडर आधी फेकून द्या. अशा पुड्यांत बरेचदा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून आणि दारू थांबवल्यावरच.

घरी एकदम बंद करू नका. सकाळी थरथर असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, आधीच्या रिलॅप्सबद्दल (सुटलेली दारू पुन्हा सुरू होणं) आणि आधी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. फिट आली किंवा असंबद्ध बोलू लागला तर थेट कॅज्युअल्टी.

उचलून नेणाऱ्यांना दारात उभं करू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूचं व्यसनही येतं. मर्जीविना भरती करायची तर आधी डॉक्टरांनी तपासावं लागतं. तुमचा भाऊ तर स्वतःच तयार आहे!

केंद्र तेच असावं असं माझं मत. मागची फाइल तिथं आहे, समुपदेशक त्याला ओळखतात. रिलॅप्स होऊन आलेले तिथं नेहमीच असतात, त्याच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. त्याच्या जुन्या स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या त्याला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन करायला सांगा, लाज तिथंच निम्मी उतरते. वहिनींसाठी पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'सहचरी' हा पत्नींचा गट आहे, अल-अॅनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट) मीटिंगाही असतात. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

रात्रपाळीचं मात्र भरतीआधीच कारखान्यात बोलून ठेवा.